तुम्ही विचारलंत म्हणून : वहीत विजेत्याचं नाव नसतं

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला की ठाणे–वाशी गाडीत माझ्या मांडीवर एक जाड पुठ्ठ्याची वही असते. ठाण्याहून रबाळ्याला जायला पंधरा-एक मिनिटं लागतात, तेवढ्यात अर्धं पान होतं. प्रत्येक संघाला दोन पानं. यंदा संघ ४८ आहेत, म्हणजे ९६ पानं. गाडीतले मित्र पहिल्यांदा विचारतात, “कोण जिंकणार?” मी उत्तर देत नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न येतो, “भारत खेळत नाही, कोण जिंकणार ते तुला सांगता येत नाही, मग एवढ्या कुंडल्या मांडतोस कशाला?” गेल्या आठवड्यात आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनी हेच विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली आणि माझं उत्तर अर्धं राहिलं. ते इथे पूर्ण करतो.

कुंडली हा शब्द मला पटत नाही. कुंडली पुढचं सांगते. माझ्या वहीत आतापर्यंत काय झालं एवढंच असतं. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढतात ना, तसं. ताप कधीपासून, आधी काय दुखलं होतं, कुठलं औषध चाललं. केसपेपर वाचून माणूस किती जगेल हे कुणी सांगत नाही, पण तो न वाचता डॉक्टर पेशंटला हातही लावत नाही.

नॉर्वेचं पान उघडतो. १९९८ नंतर हा देश पहिल्यांदाच वर्ल्ड कपला आला आहे. पात्रता फेरीत ८ पैकी ८ सामने जिंकले, ३७ गोल केले, ५ खाल्ले. त्या ३७ मधले १६ गोल एकट्या हालांडचे, म्हणजे त्यांच्या आघाडीच्या खेळाडूचे. एवढं वाचून कुणीही म्हणेल, हा संघ धुमाकूळ घालणार. मी मात्र पहिलं काम वजाबाकीचं करतो. गटात मोल्दोव्हा होता, त्याला नॉर्वेने एकदा ५–० आणि एकदा ११–१ हरवलं. हे दोन सामने बाजूला काढले की उरतात ६ सामने आणि २१ गोल. सामन्याला साडेतीन. हालांडचेही ६ गेले, १० उरले. साडेतीन हा आकडा तरीही जबरदस्त आहे, कारण उरलेल्या सहांत इटलीविरुद्धचे दोन सामने आहेत, ३–० आणि मिलानमध्ये जाऊन ४–१. म्हणजे ही सूज नाही, अंगात खरंच ताकद आहे.

आता २०१८ च्या वहीतलं जर्मनीचं पान. तेव्हाचे जगज्जेते, क्रमवारीत पहिले. पात्रता फेरीत १० पैकी १० विजय, ४३ गोल केले, ४ खाल्ले. तिथेही मी वजाबाकी केली होती. सान मारिनोला त्यांनी ८–० आणि ७–० हरवलं होतं. ते १५ गोल काढले की राहिले ८ सामन्यांत २८. भागाकार करून बघा, साडेतीनच येतात. नॉर्वेचा आकडा, दशांशासकट तोच. त्या पानाखाली मी लाल शाईने ‘उपांत्य फेरी नक्की’ असं लिहिलं होतं. रशियात जर्मनी मेक्सिकोशी ०–१ हरली, स्वीडनला २–१ हरवून तगली, आणि दक्षिण कोरियाशी ०–२ हरून गटात तळाला गेली. तीन सामन्यांत दोन गोल. ते लाल अक्षर मी खोडलेलं नाही. दर वेळी नवी वही सुरू करताना ते पान समोर ठेवतो आणि मगच पहिली ओळ लिहितो.

असं का होतं, याचं उत्तर मला स्टेडियममध्ये सापडलं नाही, कारखान्यात सापडलं. रबाळ्याच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे बाटल्यांची झाकणं बनतात. झाकणाच्या वजनाचा कंट्रोल चार्ट, म्हणजे वजन मर्यादेत राहतं का ते दाखवणारा आलेख, काढायचा तर आम्ही पाच-पाच झाकणांचे पंचवीस गट घेतो, सव्वाशे मापं. तेवढी मापं हातात आल्याशिवाय वरची आणि खालची रेघ मारायची नाही, हा नियम. आणि मोल्ड (साचा) बदलला की जुनी मापं फाईलला लावायची, नव्या चार्टमध्ये ती चालत नाहीत.

देशाच्या संघाचं काय होतं बघा. एखादा मोठा क्लब वर्षाला पन्नासेक सामने खेळतो. देशाचा संघ वर्षाकाठी दहा-बारा. त्यातले काही मैत्रीपूर्ण, त्यात कोच अर्ध्या वेळात निम्मा संघ बदलतो. खेळाडू जमतात दहा दिवसांसाठी, परत आपापल्या क्लबला. चार वर्षांत चाळीस-पन्नास मापं, आणि तीही एका मोल्डची नाहीत. मोरोक्कोचं २०२२ चं उदाहरण यासाठी मी कायम देतो. वलिद रेग्रागुई ऑगस्टच्या अखेरीस कोच झाले, नोव्हेंबरमध्ये स्पर्धा. आधीच्या कोचबरोबर बिनसल्यामुळे बाहेर राहिलेला हकीम झियेश परत आला. म्हणजे पानावरचे बहुतेक सामने एका वेगळ्याच मोरोक्कोचे होते. आणि या मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठेपर्यंत पाच सामन्यांत एकच गोल खाल्ला, तोही आपल्याच खेळाडूचा स्वयंगोल. बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल, कुणालाही त्यांच्या जाळ्यात चेंडू घालता आला नाही. आफ्रिकेतला पहिला देश उपांत्य फेरीत गेला तेव्हा रात्री उशिरापर्यंत मी ते पान भरत होतो, आणि आनंदाने अक्षर बिघडलं होतं. तेव्हापासून पानाच्या डोक्यावर, देशाच्या नावाशेजारी, कोच रुजू झाल्याची तारीख लिहितो. त्याच्या आधीच्या सामन्यांभोवती पेन्सिलीने चौकट.

दुसरी गोष्ट गोलांची. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला पावणेतीनही नाहीत. इतक्या थोड्या घटनांवर निकाल ठरतो तेव्हा नशिबाला जागा भरपूर मिळते. माझ्या भाच्याला मी हे गणित करून दाखवलं होतं. समजा एक संघ सरासरी दीड गोल करणारा आहे आणि समोरचा एक गोल करणारा. फरक चांगलाच आहे, दीडपट. तरी पॉयसाँच्या सूत्राने, म्हणजे सरासरीवरून किती वेळा काय घडेल याची शक्यता काढायच्या गणिताने, हिशेब केला तर सरस संघ शंभरातले साधारण ४९ सामनेच जिंकतो. २६ बरोबरीत सुटतात आणि २५ सामने कमी ताकदीचा संघ जिंकतो. चारातला एक! भाचा बारावीला होता, त्याने स्वतः पुन्हा करून पाहिलं आणि तेच आलं.

आता यंदाची रचना घ्या. गटातून पुढे गेल्यावर ३२ संघांची फेरी, मग १६ ची, उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम. हरला की बाहेर, असे पाच सामने ओळीने जिंकायचे. एखादा संघ इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात ७० धरली, तरी पाचही जिंकण्याची शक्यता ०.७ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम १७ टक्के. गाडीतल्या मित्रांना ‘कोण जिंकणार’ याचं माझ्याकडचं सगळ्यात खरं उत्तर हे आहे. ते ऐकून कुणाचं समाधान होत नाही, हेही मला माहीत आहे.

फिफाच्या क्रमवारीबद्दल फार लिहीत नाही. १९९२ पासून ती निघते, आणि ऑगस्ट २०१८ पासून बुद्धिबळातल्या एलो पद्धतीवर चालते. कुणाशी जिंकलात आणि कुठल्या स्पर्धेत जिंकलात यावर गुण ठरतात. त्याआधीची पद्धत सरासरीची होती आणि मैत्रीपूर्ण सामन्यांना वजन कमी, म्हणजे असा सामना खेळलात की सरासरी खाली यायची. पोलंडने २०१८ च्या आधी हे सामने जवळजवळ टाळलेच, क्रमवारीत वर चढले, सोडतीत मानांकितांच्या भांड्यात बसले, आणि गटात शेवटचे आले. यजमान रशियाला पात्रता फेरी खेळायचीच नव्हती, म्हणून ते ७० व्या क्रमांकावर, ३२ संघांत सगळ्यात खाली. ते उपांत्यपूर्व फेरीत गेले. क्रमवारी मी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहितो.

मग मोठ्या अक्षरात काय? संघ खेळतो कसा, ते. गोल कितव्या मिनिटाला होतात, पहिल्या पंधरात की शेवटच्या. कॉर्नर आणि फ्री किकवरून किती. पेनल्टी वगळून किती. शॉट मारले किती आणि कुठून, कारण पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल आणि तीस मीटरवरून मारलेली किक म्हणजे गोलाचा एक बारीकसा तुकडा, दोन्ही एकाच खान्यात मोजता येत नाहीत. बचावफळी किती पुढे उभी राहते. हा शेवटचा रकाना मी २०२२ नंतर वाढवला. अर्जेंटिना ३६ सामने अपराजित राहून सौदी अरेबियासमोर उतरली होती. त्या ३६ च्या आकड्याला मी पानावर दोनदा अधोरेखित केलं होतं. सौदींची बचावफळी जवळजवळ मैदानाच्या मध्यापर्यंत चढून उभी राहिली. पहिल्या अर्ध्यातच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे (पास निघाला तेव्हा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे होता म्हणून) रद्द झाले, आणि सामना सौदींनी २–१ जिंकला. महत्त्वाची नोंद समोरच्या पानावर करायला हवी होती, आणि तो रकानाच माझ्याकडे नव्हता. (पुढे कप अर्जेंटिनानेच जिंकला. तेही पानावर आहे.)

चेंडू किती वेळ ताब्यात होता, हा आकडा टीव्हीवर सारखा दाखवतात. त्याच स्पर्धेत जपानने स्पेनला २–१ हरवलं तेव्हा चेंडू जपानकडे १८ टक्केही नव्हता. स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास दिले, गोल शून्य, आणि शूटआऊटमध्ये तीनपैकी एकही पेनल्टी घालता आली नाही. मी हा आकडा लिहितो, पण त्याच्या शेजारी दुसरा रकाना असतो, समोरच्या गोलपाशी किती वेळा पोचले. दोन्ही एकत्र वाचले तरच काही कळतं.

पिवळी कार्डंसुद्धा लिहितो. २०१८ मध्ये जपान आणि सेनेगलचे गुण, गोलफरक, गोल सगळं सारखं होतं. जपानची ४ कार्डं, सेनेगलची ६. जपान पुढे गेलं.

भारत खेळत नाही, हे खरं. पण मला त्या पानांतून देश ओळखीचे होतात. यंदा कुरासाव आलं आहे, कॅरिबियन समुद्रातलं बेट, वस्ती दीड लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची वस्ती १८ लाखांवर होती. वर्ल्ड कपला पोचलेला इतका छोटा देश याआधी नव्हता. त्यांचा शेवटचा सामना जमैकात झाला, बरोबरी पुरेशी होती, ०–० करून तेवढीच मिळवली. ते पान लिहिताना मी ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर बसलो होतो, समोर संध्याकाळची गर्दी, आणि मनात येत होतं, एवढ्या माणसांतून त्यांनी अकरा जण उभे केले.

आणि वहीच्या शेवटी भारताचं पान असतंच. २०२६ च्या पात्रतेची दुसरी फेरी : ६ सामने, १ विजय, २ बरोबरी, ३ पराभव, ३ गोल केले, ७ खाल्ले. सहा सामन्यांत तीन गोल. त्यातला एक सुनील छेत्रीची पेनल्टी. हे पान लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

३० ऑक्टोबर २०२२ ला भाचीला घेऊन नेरूळला गेलो होतो, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल. स्पेन आणि कोलंबिया. भाची तेव्हा अकरा वर्षांची, नुकतीच फुटबॉलला जाऊ लागलेली. दोन्ही संघांची पानं मी बरोबर नेली होती, ती तिने मध्यंतरात वाचून काढली. सामना ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या स्वयंगोलाने ठरला. परतीच्या गाडीत ती म्हणाली, “मामा, आपल्या मुलींचं पान कुठे आहे?” मी उलटून दाखवलं. भुवनेश्वरला तीन सामने : अमेरिकेकडून ०–८, मोरोक्कोकडून ०–३, ब्राझीलकडून ०–५. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, “पण त्यांनी शॉट किती मारले?”

तो रकाना रिकामा होता. गोल शून्य म्हटल्यावर मी पुढचं काही लिहिलंच नव्हतं.

आता तिच्या संघाचा सामना असला की रविवारी सकाळी मी रेघेबाहेर उभा असतो, वेगळी वही घेऊन. मैदानाचा चौकोन काढलेला असतो, आणि शॉट जिथून निघाला तिथे पेन्सिलीने टिंब. आत गेला तर टिंबाभोवती वर्तुळ. गेल्या रविवारी त्या ०–२ हरल्या. घरी येऊन तिने बूटही काढले नाहीत, आधी वही मागितली आणि टिंबं मोजली. अकरा होती, त्यातली सात पेनल्टी बॉक्सच्या बाहेरची. “आत जायला हवं,” ती म्हणाली, आणि वही घेऊन तिच्या कोचला फोन लावला.