शोधा जरूर, पण नंबर आपला देऊन या

दहावीच्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप गेल्या काही वर्षांत गावोगावी झालेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे, पण ग्रुपसाठी वर्गातल्या मुली शोधायचं काम ज्यांनी केलंय त्यांना विचारा काय असतं ते. मुलगे पटकन सापडतात, नाव तेच, आडनाव तेच, निम्मे तर अजून गावातच असतात. मुलींचं आडनाव लग्नात बदलतं आणि आमच्या वयाच्या बऱ्याच जणींचं तर पहिलं नावसुद्धा ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदललेलं असतं. हजेरीपटावरची सुनंदा कुठल्यातरी तालुक्यात वैशालीवहिनी म्हणून राहतेय, फेसबुकवर असली तरी नवऱ्याच्या आडनावाने आणि डीपीला नातवाचा नाहीतर गणपतीचा फोटो. मग शोध माहेरच्या वाटेने चालतो. भाऊ कुठे असतो, आई आहे का, आपल्या बाईंची कुणाशी ओळख आहे का, असं करत करत कधीतरी नंबर मिळतो आणि तो मिळाला की शोधणाऱ्याला इतका आनंद होतो की तो नंबर थेट ग्रुपला ॲड केला जातो.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. जिचा नंबर आहे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

ग्रुपला ॲड केलं की तिचा नंबर सगळ्यांना दिसतो, शे-दीडशे माणसं, त्यातल्या निम्म्यांशी ती शाळेतही कधी बोलली नव्हती. रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून "ओळखलंस का?" येतं, पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण तो फोन घरात कुणाच्या हातात असतो, सासूच्या की मुलाच्या की नवऱ्याच्या, हे आपल्याला काय माहीत? बऱ्याच घरांत बाईचा फोन हा अजून घराचा फोन असतो. माझ्या ओळखीच्या एका ताईंना असंच न विचारता ॲड केलं होतं, घरात दोन दिवस प्रश्न चालले, त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या तर ग्रुपवर चर्चा सुरू झाली की हिला फार शिष्टपणा आलाय. यात त्यांची काय चूक होती ते मला कुणी सांगावं. (व्हॉट्सॲपमधे प्रायव्हसीच्या सेटिंगमधे आपल्याला ग्रुपमधे कोण ॲड करू शकतं ते ठरवता येतं, "माझे संपर्क" एवढंच ठेवा, आपल्या आईच्या आणि मावशीच्या फोनवर तर आजच करून द्या.)

म्हणून मी शोधते तेव्हा उलटं करते. भाऊ भेटला, वहिनी भेटली, जुन्या बाई भेटल्या तर त्यांना म्हणते की तिचा नंबर मला नको, माझा तिला द्या, मी कोण, कशासाठी शोधतेय हे सांगा, वाटलं तर ती फोन करेल. बस. वेळ लागतो, काही वेळा फोन येतच नाही, आणि ग्रुपवर लोक विचारतात की मिळाली का गं ती, तेव्हा मी सांगते की निरोप पोचवलाय. त्यापुढे सांगत नाही.

लोक म्हणतात एवढं काय त्यात, आपलीच माणसं आहेत. पण आपल्याला जो हरवलेला वाटतो तो कितीदा स्वतःहून निघून गेलेला असतो. मारहाणीतून बाहेर पडलेली बाई, घरच्यांना न आवडणारं लग्न करून दुसऱ्या शहरात संसार मांडलेली मुलगी, कर्जातून उठून नव्याने उभा राहिलेला माणूस, यांना कुणी सापडवू नये असंच वाटत असतं, आणि शोधणारा त्यांचा जुना मित्र आहे की तोच माणूस ज्याच्यापासून ते पळाले, हे फोनवर "मी तिचा मामेभाऊ बोलतोय" एवढ्यावरून कसं कळणार? जीव जाऊ शकतो यात. आपल्याकडे लग्नासाठी पोरींचे खून झालेत आणि मारणारे घरचेच होते.

पोलिसांकडे मिसिंग दाखल झाली आणि सज्ञान माणूस सापडला तर त्याचा जबाब घेतात, मी माझ्या मर्जीने गेलेय असं ती म्हणाली तर तिला जबरदस्तीने घरी पाठवता येत नाही. ब्रिटनमधे पोलिस घरच्यांना एवढंच कळवतात की तुमचं माणूस सुखरूप आहे, त्याची इच्छा नसेल तर पत्ता देत नाहीत. मला हे फार बरोबर वाटतं, आईबापाचा जीव टांगणीला लागलेला असतो तेव्हा जिवंत आहे हे कळणं हा त्यांचा हक्क मी मानते, कुठे आहे हे कळणं हा नाही. आपल्या राज्यात डिसेंबर 2022 मध्ये आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती नेमली गेली, आधी त्यात आंतरजातीय विवाहही होते, ते लगेच वगळले, आणि काम काय तर अशी लग्नं करून माहेरापासून तुटलेल्या मुलींची माहिती घ्यायची, समुपदेशन करायचं. मुलीने मदत मागितली तर ती हाकेला मिळालीच पाहिजे, पण तिने न मागता सरकारनेच तिचा पत्ता गोळा करावा हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलंय, तो लग्न केलेल्या सज्ञान मुलीलाही आहेच की.

माझी निरोप पोचवायची पद्धत काही नवीन नाही. रेड क्रॉस हेच काम 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धापासून करतंय, पहिल्या महायुद्धात जिनीव्हाला त्यांच्याकडे जवळपास 70 लाख कार्डं जमली होती, कैद्यांची, बेपत्ता सैनिकांची, एकेक कार्ड हाताने जुळवायचे. आजही युद्धात, पुरात, स्थलांतरात ताटातूट झालेल्यांना ते शोधतात, भारतीय रेड क्रॉसमार्फतही अर्ज करता येतो, आणि माणूस सापडला तरी त्याला विचारल्याशिवाय शोधणाऱ्याला पत्ता देत नाहीत. चिठ्ठी मात्र पोचवतात, उघडी चिठ्ठी, फक्त घरगुती खुशाली लिहिलेली. इतकं जपूनही जानेवारी 2022 मध्ये त्यांच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि 5 लाख 15 हजारांहून जास्त लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली, युद्धात, संकटात, स्थलांतरात ताटातूट झालेले, बेपत्ता, कैदेतले असे लोक. आपल्या ग्रुपवर नाव, गाव, नंबर, नवऱ्याची नोकरी असं सगळं लिहिलेली एक्सेल शीट फिरते ना, तेव्हा मला हे आठवतं. लोकांची खाजगी माहिती जपण्याचा नवा डेटा कायदा 2023 चा आहे पण स्वतःच्या घरगुती कामासाठी कुणी माहिती वापरली तर तो त्याला लागू होत नाही, म्हणजे ही काळजी आपली आपणच घ्यायची.

सगळ्यात अवघड मला दत्तक गेलेल्या मुलांचं वाटतं. महाराष्ट्रातून कितीतरी बाळं सत्तर-ऐंशीच्या दशकात युरोपात गेली, ती आता चाळिशी-पन्नाशीला आलीत आणि आई शोधत पुण्या-मुंबईला येतात. त्यांचं दुःख खरं आहे, डॉक्टरने घरात कुणाला डायबेटिस आहे का विचारलं तर त्यांना उत्तर देता येत नाही. पण दुसऱ्या बाजूला ती बाई असते. 1863 मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवांना हमीच ही होती की गुप्तपणे या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या खुशीवर. तो गुप्तपणा होता म्हणून बायका आल्या आणि जीव वाचले. पुढे शंभर वर्षांनी ज्या कुमारी माता संस्थांमधे गेल्या त्याही त्याच भरवशावर, आणि त्यातल्या अनेकींच्या आजच्या घरात कुणाला काही माहीत नाही.

दत्तकाच्या 2022 च्या नियमांत याचा विचार केलेला आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की स्वतः अर्ज करू शकतं, पण मूल देताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती घ्यायची, तिने नकार दिला किंवा ती सापडलीच नाही तर कोणत्या परिस्थितीत मूल दिलं एवढं मुलाला सांगायचं, आणि तिऱ्हाइताला असा शोध घ्यायची परवानगीच नाही. मला हे मान्य आहे, जरी त्या मुलांकडे बघून पोटात तुटतं. आता डीएनए टेस्टमुळे हे सगळं बाजूने ओलांडता येतं, अमेरिकेतल्या कुणा मावसभावाने नातेवाईक जुळवणाऱ्या डीएनए कंपनीला हौसेने थुंकी पाठवली की इथल्या मावशीचं चाळीस वर्षांचं गुपित उघडं पडू शकतं, तिने तर कुठेच काही सही केलेली नसते. सापडलीच तर निदान दारात जाऊन उभं राहू नये. एखाद्या जाणत्या समाजसेविकेला मधे घ्यावं, तिने बाई एकटी असताना विचारावं, आणि विचार करायला वेळ द्यावा, महिने लागले तरी.

हरवलेल्यांचे फोटो फॉरवर्ड करण्याबद्दल थोडंच लिहिते. लहान मूल हरवलं तर पहिल्या तासात 112 किंवा 1098 ला फोन करा, फोटो पोलिसांकडे जाऊ द्या. मूल सापडल्यावरही तो मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतो, खाली बापाचा नंबर, आणि अशाच फिरणाऱ्या, मुलं पळवणारी टोळी आलीय अशा खोट्या मेसेजमधून 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागून जगणाऱ्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाचा व्हिडिओ काढून "ओळखा यांना" म्हणून टाकू नका, तो बरा होईल तेव्हा त्यालाही तो व्हिडिओ दिसणार आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशा माणसांवर आधी उपचार करते, मग त्यांच्याच तोंडून गावाचं नाव कळतं, मग घरी पोचवते.

आमच्या बॅचचा मेळावा दिवाळीनंतर आहे आणि अजून बऱ्याच जणी मिळायच्यात, म्हणून मी जो निरोप पाठवते तो इथे देते, हवा तर घ्या: "मी अमुक शाळेतली अमकी. मेळाव्यासाठी तुझी आठवण निघाली. तुझा नंबर मी कुणाकडून घेतलेला नाही, आणि तू दिलास तरी तुला विचारल्याशिवाय कुणाला देणार नाही. बोलावंसं वाटलं तर हा माझा नंबर. नाही वाटलं तरी काही हरकत नाही, मी परत विचारणार नाही." शेवटचं वाक्य लिहिलं की ते पाळायचं, दुसऱ्या मैत्रिणीकडून पुन्हा विचारायला लावायचं नाही. आणि निरोप माहेरच्या माणसाकडे देताना चिठ्ठी बंद नको, रेड क्रॉससारखी उघडीच द्या, म्हणजे तिच्याकडे पोचेपर्यंत कुणाच्या मनात शंका राहत नाही.