कोनाड्यातली कपबशी

आज वावरात कापसाची वेचणी होती. धुऱ्यावरच्या बाभळीला रेडिओ टांगला होता. जुनाच आहे, आवाज बसला की एक थापट द्यावी लागते. आकाशवाणीवर एका लेखकाची मुलाखत लागली. धर्म, जात, मनातली अढी असं सगळं. बायांना कंटाळा येईल म्हणून मी बंद करायला गेलो, तर मावशी ओटीतला कापूस गाठोड्यात टाकता टाकता म्हणाल्या, "राहू दे ना भाऊ, बरा बोलून राह्यला तो."

तो सांगत होता, लहानपणी काही घरी त्याच्या चहाचा कप वेगळा असे. पिऊन झाला की धुऊन त्यानंच ठेवायचा.

कोणीच काही बोललं नाही. मावशींचे सासरे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घ्यायला गेले होते, हे गावात सगळ्यांना माहीत.

अन् आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेली एक कपबशी असायची. आजी तिच्यात वरून चहा ओतायची. देवघराशेजारी मात्र गाडगेबाबांचा फोटो! बाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. जन्मभर याच्याविरुद्ध बोलत फिरले. फोटोला रोज हार होता बरं.

"तुही आजी साखर मातर कमी नोती टाकत," मावशी म्हणाल्या. हसल्या का, ते पदराआड दिसलं नाही.

मग बाजारभाव लागले.

संध्याकाळी गोठ्यात जाऊन पाहिलं. कोनाड्यात आता फवारणीचं औषध असतं.