बटणाचे अकरा दिवस

डी.एड. झालं तेव्हा वाटलेलं की आता आपल्याला शिकवता येतं, मग स्पेशल एज्युकेशनच्या डिप्लोमाला आले आणि पहिल्याच प्रॅक्टिसला तोंडावर आपटले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार पाठ होते हो, १९९५च्या कायद्यात ७च होते हेही, पण समोरच्या नऊ वर्षांच्या पोराला शर्टाचं बटण लावता येत नाही त्याचं काय करू? मॅडम म्हणाल्या, अगं उलटीकडून शिकव, आधीचं सगळं तू कर, शेवटचं ओढणं तेवढं त्याच्यासाठी ठेव. बॅकवर्ड चेनिंग म्हणतात म्हणे. अकरा दिवस काहीच नाही. बाराव्याला ओढलंन बाबा, आणि लगेच काढून परत माझ्यासमोर धरलं! आयईपीत, म्हणजे त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, मी लिहिलं, शेवटची पायरी, तोंडी सूचनेने जमते. बाकी रकाने अजून कोरेच आहेत.