चौथी सीट

मंगळवार, रात्री साडेदहा

आज कुर्ल्याला लोकलमध्ये चौथी सीट मिळाली, तिघींच्या बाकावरची. नेहमीसारखी अर्धीच, एक पाय बाहेर. शेजारची बाई झोपेत होती. विक्रोळी मागे पडेपर्यंत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलले नाही.

दुपारी वाचलेला स्टॅन्ली मिलग्रॅम अजून डोक्यात आहे. १९७०च्या दशकात या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवलं. बसलेल्या अनोळखी माणसाला विचारायचं, ‘तुमची जागा मला देता का?’ कारण सांगायचं नाही. सुमारे ६८ टक्के लोकांनी जागा दिली. घाम फुटला तो विचारणाऱ्यांना! खुद्द मिलग्रॅम विचारायला गेला तर शब्द घशात अडकले, आणि जागा मिळाल्यावर तो आजारी माणसासारखा मान खाली घालून बसला. मी खूप हसले. स्वतःची फजिती अशी मोकळेपणाने सांगणारा संशोधक मला फार आवडला.

आमच्या लेडीज डब्यात मात्र हे विचारताना कुणाचा घसा कोरडा पडत नाही.

“कुठे उतरणार?”

“ठाणे.”

“मला द्या हं.”

“त्या निळ्या ड्रेसवाल्यांनी सांगून ठेवलंय.”

संपलं. हा शब्द सहसा कुणी मोडत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉलने १९६६ साली लिहिलं की दीड फुटाच्या आत माणूस फक्त जिवलगांना येऊ देतो. हे आकडे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मध्यमवर्गीयांचे, हेही त्यानेच बजावलं होतं. इथे गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. तरीही माझी जागा कुठे संपते हे मला पक्कं कळतं. अनोळखी बाईच्या कोपराखाली मी निवांत पेंगते. दादरच्या पुलावर चारी बाजूंनी दोन फूट मोकळे असले तरी पर्स छातीशी धरते. धक्का कुठला आणि स्पर्श कुठला, हे पाठीलाही समजतं. त्यासाठी वळून बघावं लागत नाही. हे कुणीतरी मोजायला हवं, आणि ते फूटपट्टीने जमणार नाही.

ठाणं आलं तशी ती दचकून उठली. “सॉरी हं,” म्हणत ओढणी सावरली. मी आत सरकले. दाराकडे वळण्याआधी तिने गर्दीत हात घालून निळ्या ड्रेसवाल्या बाईंचं मनगट धरलं आणि त्यांना ओढून माझ्या शेजारी बसवलं.