विमान उडालंच नाही

धावपट्टी म्हणायची एवढंच, खरं तर ते डोंगरातलं लांबट कुरण. कडेला पांढरे रंगवलेले दगड, मधोमध काठीला बांधलेलं लाल फडकं, टोकाला चर आणि चराला लागूनच झाडी.

निघायचं होतं सकाळी, पण धुक्यानं दुपार केली. सेस्ना 206, एकच इंजिन. वैमानिकानं आम्हा चौघांना सामानासकट काट्यावर उभं केलं आणि एकाची बॅग सरळ बाजूला काढली. गृहस्थ जाम चिडले. वैमानिक ढिम्म. जागा 6,000 फुटांवर, पारा 30 अंशांवर. अशा विरळ हवेत विमानाला 9,000 फुटांवर असल्यासारखंच वाटतं. इंजिनाचा जोर घटतो, पंखांना उचल मिळायला जास्त धाव लागते. त्यात रात्रीच्या पावसानं जमीन मऊ.

धाव सुरू झाली. चाकं गवतात रुतत होती, हे बसल्याजागी कळत होतं. लाल फडकं मागे गेलं आणि त्याच क्षणी इंजिनाचा आवाज बसला. ब्रेक लागले, पण ओल्या गवतावर विमान घसरतच राहिलं. पुढचं चाक चरात गेलं, नाक आपटलं, माझा पट्टा खांद्यात रुतला.

मग पेट्रोलचा वास. मागचं दार अर्धवटच उघडलं, कारण उड्डाणासाठी खाली घेतलेला फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप, त्याच्या आड येतो. दार दोन भागांचं; पुढचा भाग जरासा ढकलून मागच्या भागाचा लाल दांडा फिरवायचा, हे वैमानिकानं निघण्यापूर्वी दाखवलं होतं. तेव्हा आम्ही जांभया देत होतो. दांडा फिरवला तो नेमका बॅगवाल्या गृहस्थांनीच!

खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. नंतर वैमानिकानं सांगितलं, निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणाच्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नाही तर थांबायचं. ते फडकं त्यासाठीच. ऐन वेळी वारा फिरून पाठीमागून आला होता. आमच्यातले एक म्हणाले, "थोडं ओढलं असतं तर उडालं असतं." मी झाडीकडे बघितलं. मला नाही वाटत.

प्रोपेलरची पाती टोकाला वाकली होती. पातं असं जमिनीला आपटलं की इंजिन उघडून तपासावंच लागतं. त्यामुळे विमान तिथेच राहिलं आणि आम्ही जीपनं घाट उतरलो. बॅग अर्थातच बरोबर होती.