जुन्याच छेदातून

"मुलगा झाला तिथूनच ह्यांच्यासाठी लिव्हरचा तुकडा काढला!" वाशीच्या मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करत शेजारच्या वहिनी सांगत होत्या. दुर्बिणीतून ऑपरेशन. पोटावर बारीक भोकं आणि सिझरच्या जुन्या व्रणावरच छेद. तो तुकडा बसवलेल्या दादांना, त्यांच्या नवऱ्याला, मात्र बरगड्यांखाली हा एवढा आडवा काप.

मला हे उलटंच वाटलं. आजारी माणसालाच मोठा काप? पण दादांसारख्या सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी झालं की, पोटातल्या शिरा फुगलेल्या, रक्तस्राव आवरणं कठीण. वर नव्या लिव्हरच्या रक्तवाहिन्या, पित्तनलिका जोडायच्या. सोल, रियाधमध्ये घेणाऱ्याचंही असं ऑपरेशन झालंय म्हणे, दुर्बिणीने, रोबोने. पण अजून मोजक्याच ठिकाणी.

वहिनींचं दुखणं वेगळंच. "माझं काही दिसत नाही ना, म्हणून पाहुणे चौकशी फक्त ह्यांचीच करतात. ही पिशवी धर गं जरा."