पर्यटकांवर राग का निघतो?

जुलै २०२४मध्ये बार्सिलोनातल्या मोर्चेकऱ्यांनी रेस्टॉरंटबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. बातमी जगभर फिरली आणि प्रतिक्रिया ठरलेलीच आली: ज्यांच्या जिवावर पोट भरतं, त्यांच्यावरच उलटले! ऐकायला पटतं खरं. पण ज्याचं पोट भरतं तो आणि ज्याला त्रास होतो तो, ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. हॉटेलमालक, गाइड, फ्लॅट भाड्याने देणारा यांची कमाई होते. त्याच गल्लीतली शाळेतली शिक्षिका, नर्स किंवा पेन्शनवर जगणारे आजोबा यांच्या वाट्याला फक्त गर्दी आणि वाढलेलं भाडं येतं.

सगळ्यात जास्त दुखतं ते घराच्या बाबतीत. हिशोब साधा आहे. समजा, फ्लॅटचं एका रात्रीचं भाडं महिन्याच्या भाड्याच्या दहाव्या हिश्शाएवढं आहे. महिन्यातल्या वीस रात्री भरल्या की मालकाकडे दुप्पट रक्कम येते. बुकिंग साइटचं कमिशन, साफसफाई, चादरी-टॉवेलांची धुलाई यांत तिसरा हिस्सा गेला, तरी कायमच्या भाडेकरूपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त उरतं. मग करार संपला की भाडेकरूला 'नूतनीकरण करायचं नाही' असं कळवलं जातं. यात कुणी खलनायक लागत नाही. शेजारचा मालक जास्त कमावतोय हे दिसलं की पुरे.

उरलेल्यांचं काय होतं ते बघा. बारा फ्लॅटच्या इमारतीत चार फ्लॅट असे गेले की जिन्यात रोज नवे चेहरे. कुठला कचरा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा हे तीन रात्रींसाठी आलेल्याला ठाऊक नसतं. फाटकाच्या गजांना आकडे जुळवून उघडायच्या किल्लीच्या डब्या लटकू लागतात. रात्री दोनला उतरलेल्या पाहुण्याला डबी उघडत नाही, मग तो दिसेल ती बेल दाबतो. पहाटेच्या विमानाची मंडळी चारला निघतात आणि दगडी फरसबंदीवर बॅगांची चाकं खडखडतात. एकदा-दोनदा माणूस हसून सोडून देतो, पण हे वर्षभर चालतं आणि तक्रार करावी तर रोज माणूस वेगळा.

दुसरं दुखणं बसचं, आणि इथे राग का साचतो हे जवळून पाहण्यासारखं आहे. स्टॉपवर पंधरा पर्यटक आहेत. प्रत्येक जण सुटे पैसे शोधतो, 'ही अमुक ठिकाणी जाते का' विचारतो, बॅग वर चढवतो. माणशी वीस सेकंद धरली तरी पाच मिनिटं गेली. पाच मिनिटं उशिरा निघालेल्या बसला पुढच्या स्टॉपवर जास्त माणसं भेटतात, म्हणून ती आणखी रखडते. मागच्या बसला माणसं कमी मिळतात, ती पुढचीला येऊन चिकटते. परिणाम असा की वीस मिनिटं एकही बस नाही आणि मग दोन एकदम, त्यातली पहिली खचाखच.

क्योटोने यावर दोन गोष्टी केल्या. पर्यटकांत लोकप्रिय असलेला बसचा एक दिवसाचा पास सप्टेंबर २०२३अखेर विकणं बंद केलं, आणि जून २०२४मध्ये जास्त भाड्याच्या, मोजक्या थांब्यांच्या वेगळ्या पर्यटक बस सुरू केल्या. बार्सिलोनात तर पार्क ग्वेल या प्रसिद्ध बागेजवळून जाणारी ११६ क्रमांकाची छोटी बस महापालिकेच्या विनंतीवरून गूगल मॅप्सवरून काढून टाकली गेली. उपाय जरा गमतीशीर वाटतो, पण तिकीट महाग न करता बस रहिवाशांकडे परत आली.

दुकानांचं वेगळं सांगायला नको. चपला शिवणारा गेला की तिथे फ्रिजवर चिकटवायची चुंबकं येतात. सांडपाण्याचं मात्र लोक विसरतात. नळ्या आणि शुद्धीकरणाची यंत्रणा बऱ्याचदा रहिवाशांच्या संख्येवर बांधलेली असते, हंगामातल्या गर्दीवर नव्हे. फिलिपिन्सने एप्रिल २०१८पासून बोराकाय बेट सहा महिने बंद ठेवलं, त्याचं मोठं कारण समुद्रात सुटणारं सांडपाणी हेच होतं.

मग उपाय? सूचनांचे फलक आणि पडदे फारसे टिकत नाहीत. जपानमधल्या फुजिकावागुचिको गावाने मे २०२४मध्ये एका दुकानामागे दिसणारा फुजी पर्वत झाकायला अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी लावली. फोटोसाठी लोकांनी तिला भोकं पाडली.

प्रवेशशुल्काबद्दलही मला फार आशा नाही. व्हेनिसने २०२४मध्ये दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ५ युरो लावले. २९ दिवसांत २० लाख युरोंहून जास्त जमा झाले, याचा सरळ अर्थ असा की लोक पैसे भरून आलेच. इतका प्रवासखर्च केलेला माणूस पाच युरोंसाठी परत फिरत नाही. फरक पडतो तो संख्येलाच हात घातल्यावर. क्रूझचे तीन हजार प्रवासी सकाळी एकदम उतरतात, खातात-झोपतात जहाजावरच, संध्याकाळी निघून जातात. म्हणून क्रोएशियातल्या डुब्रोवनिक शहराने एका वेळी दोनच जहाजं, असा नियम केला. बार्सिलोनाने आपल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. फ्लॅटमालकांचा अर्थातच विरोध आहे.

आपण प्रवासी म्हणून काय करू शकतो? घर बुक करताना परवाना क्रमांक दिलाय का ते पाहावं, दिवसाची धावती भेट टाळून निदान एक रात्र राहावं, मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून बस पकडावी, आणि तीही ऑफिसच्या वेळा सोडून.

पण नियम ठरवायचे कुणी, हा खरा तिढा आहे. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २०२२मध्ये तो आकडा ५० हजारांच्या खाली गेला. या महापालिकेत खाडीपलीकडचं मेस्त्रेही येतं आणि बहुसंख्य मतदार तिकडेच राहतात. डिसेंबर २०१९मध्ये दोन्ही वेगळे करावेत का यावर सार्वमत झालं. ते वैध ठरायला निम्म्या मतदारांनी मत देणं गरजेचं होतं, दिलं सुमारे २२ टक्क्यांनी. सार्वमत रद्दबातल ठरलं. गर्दीला कंटाळून जो घर सोडतो, तो जाताना आपलं मतही घेऊन जातो. पुढच्या खेपेला विरोध करणारे आणखी कमी असतात.